क्वीन्सटाउन काउबॉइजचा दुसरा अल्बम

खोटं कशाला बोलू, मला बँजो आवडत नाही. पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाजतो मेला. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी हे बोटीवर आणि उरलेली निम्मी बँजो यांच्या मांडीवर. माझ्या वाट्याला काय आलं, ते तुम्हीच बघा.

हे म्हणजे माझे यजमान, निशिकांत. मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. बँकेतला सुबोध गिटार वाजवतो, त्याची बायको चैताली व्हायोलिन. तिघांचा मिळून कंट्री म्युझिकचा बँड, क्वीन्सटाउन काउबॉइज; क्वीन्सटाउन म्हणजे इथं परदेशातली आमची वस्ती. काउबॉय म्हणे! घोड्यावर बसलीय ती एकटी चैताली, तीही माथेरानला. पहिला अल्बम यांनी इंग्रजीत काढला, सगळा नाकातून गाऊन. माझ्या नणंदेनं दोन गाणी ऐकून पुण्याहून फोन केला, "वहिनी, दादाला सर्दी झालीय का गं?"

दुसरा अल्बम मराठीत करायचं ठरलं, तेव्हा फ्रिजवर कंपनीचं पत्र लावलेलं होतं. आणखी सहा महिने बोटीवर. होय की नाही, ते तीस तारखेपर्यंत कळवायचं. हे म्हणाले, "सविता, हा अल्बम चालला तर बोट सोडली. इथंच किनाऱ्यावर काम बघतो आणि गातो. नाही चालला, तर बँजो कपाटात आणि मी बोटीवर."

घ्या! राधिका झाली तेव्हा हे ब्राझीलला होते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सुएझमध्ये. मला माझा माणूस घरी हवा होता, आणि तो मिळवायचा तर त्या बँजोचं भलं चिंतायला हवं होतं. चिंतलं. रोज देवापुढे दिवा लावताना चिंतलं.

पाया लेबार भागातल्या छोट्याशा स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. मी थालीपिठांचा डबा घेऊन गेले, तर तिथल्या मिस लिमनं मला त्याच खोलीत कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं, "आंटी, नो साउंड, ओके?" मी तोंडावर बोट ठेवलं.

आणि हे गायला लागले, "जातो मी, जातो मी, बंदर सोडून जातो मी..."

आता सांगा, बोटीवरच्या माणसानं गाण्यातसुद्धा असं अभद्र बोलावं? बावीस वर्षांत घरातून निघताना मी एकदाही बोलू दिलेलं नाही. पहिल्यांदा गिळलं. दुसऱ्यांदा गिळलं. तिसऱ्यांदा यांनी इतकं जीव तोडून म्हटलं, की माझ्या काळजात चर्र झालं आणि मी ओरडलेच, "अहो, जातो काय म्हणता? येतो म्हणा!"

आणि यांनी, सवयीनं, गाता गाता मान खाली घालून म्हटलं, "येतो."

सुबोध हसून हसून गिटारवर आडवा. चैतालीचं व्हायोलिन मात्र थांबलं नाही. मी लाजेनं अर्धी झाले, पुसून टाका म्हणून हातापाया पडले. मराठीचा गंध नसलेली मिस लिम इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "नो, नो. धिस वन मस्ट कीप, लाह!"

अल्बम आला. पंधरा दिवस चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही. राधिका म्हणाली, "आई, यू शाउटेड इन अ साँग. सो एम्बॅरसिंग, लाह." मला जेवण जाईना. माझ्याच जिभेनं माझा संसार बुडवला होता.

मग बावीस तारखेला यांच्या जुन्या बोटीवरून एक व्हिडिओ आला. मेसमध्ये वीसेक खलाशी जेवायला बसलेले, निम्मे फिलिपिनो. गाणं "जातो मी"वर आलं, की सगळे ताटं बडवून एका सुरात ओरडायचे, "येतो म्हणा!" तो व्हिडिओ या बोटीवरून त्या बोटीवर गेला. मग बोटीवरच्यांच्या बायकांकडे, मग त्यांच्या आयांकडे. आठवड्याभरात रत्नागिरीपासून रॉटरडॅमपर्यंत आमचं भांडण वाजायला लागलं. इथल्याच मरीन परेड भागात ठरलेल्या यांच्या कार्यक्रमाची तिकिटं एका सकाळीत संपली. नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादा बरा गातो की गं! पण तू जास्त छान ओरडतेस."

तीस तारखेला यांनी फ्रिजवरून पत्र काढलं, त्यावर नकार लिहिला आणि एजंटच्या ऑफिसात द्यायला निघाले. हातात बॅग नाही, काही नाही. बूट घालून दारात उभे राहिले आणि मुद्दाम डोळे मिचकावून म्हणाले, "बरं, जातो."

"अहो!"

"येतो, येतो."

मी दार लावलं आणि भेंडी चिरायला घेतली. भाजी शिजायच्या आत बेल वाजली. दारात हे, हातात कोथिंबिरीची जुडी. बावीस वर्षांत बोटीच्या कामाला 'येतो' म्हणून गेलेला माझा नवरा त्याच दिवशी परत यायची ही पहिलीच वेळ. मला रडू आवरेना.

यांना वाटलं, कोथिंबीर शिळी आहे म्हणून रडते. बिचाऱ्यांनी समजूत काढायला बँजो काढला.

वाजवा म्हटलं. दहा मिनिटं.