गोलातलं गोलात

बिट्टीची सख्खी मावशीच तिच्या वर्गाची बाई होती. शाळेत 'बाई' आणि घरी 'मावशी' म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सात वर्षांच्या बिट्टीची त्यात एकदाही गफलत झाली नव्हती.

शेवटच्या तासाला बाई मुलांना गोलात बसवत. मधे कागदी बशांवर रंगवलेले चेहरे: रागावलेला, घाबरलेला, रडका, हसरा. आपला चेहरा उचलायचा, अंगात कुठे काय होतंय ते सांगायचं, मग कारण. नियम एकच: गोलातलं गोलात.

त्या दिवशी बिट्टीने रागावलेला चेहरा उचलला.

"घशात होतंय. बाळ रडलं की आई म्हणते, तू मोठी ना? मला नाही व्हायचं मोठी. बाळाला दवाखान्यात परत देऊन यावं."

कुणी हसलं नाही. "छान सांगितलंस," बाई म्हणाल्या. बिट्टीचा घसा खरंच मोकळा झाला.

पण बाईंची मावशी झाली, की तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळी घरी येऊन तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि "ताई, तुझ्या लेकीचे प्रताप ऐकलेस का?" म्हणत सगळं सांगून टाकलं. तेही बिट्टीच्या बोबड्या आवाजाची नक्कल करून! हसता हसता बाबांना ठसका लागला. आईही हसली, मग डोळे मोठे करून म्हणाली, "असं बोलतात होय गं बाळाबद्दल?"

बिट्टी मावशीकडे बघत राहिली. ही आता म्हणेल, चुकलं माझं. मावशीने तिचा गाल ओढला. "लबाड कुठली!"

घ्या! शब्द मोडला मावशीने आणि लबाड ठरली बिट्टी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बिट्टीचा घसा पुन्हा दाटला, पण आता सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी गोलात तिने मुकाट्याने हसरा चेहरा उचलला.

"अरे वा! कुठे होतंय?"

"कुठेच नाही."

"शाब्बास," म्हणून बाई पुढच्या मुलाकडे वळल्या.

संध्याकाळी मावशीने दारातूनच हात पसरले. "ये गं, मावशीला पापी दे!"

बिट्टी जागची हलली नाही. हाताची घडी घालून म्हणाली, "या बाई, बसा."

"अगं, ही काय शाळा आहे?" आईला हसू फुटलं.

मावशीही हसायला गेली, पण ते हसू तिच्या घशातच अडकलं.