बसून घेतलेलं माप

आईच्या दुकानात आरसा नाही. त्याच्या जागी इंजिन काढलेली एक जुनी मोटरसायकल उभी आहे. गिऱ्हाइकाला आई तिच्यावर बसवते, हँडल धरायला लावते आणि मग खांदा, पाठ, हात यांचं माप घेते. उभ्या माणसाचं माप तिने कधी घेतलेलं नाही.

कोणी कुरकुरलं, की तिचं ठरलेलं भाषण सुरू होतं. चामड्याचं जॅकेट आधी वैमानिकांनी अंगात घातलं. तेव्हाची विमानं वरून उघडी असायची, वारा हाडांत शिरायचा. बसल्यावर कंबरेशी गोळा होऊ नये म्हणून ते आखूड झालं. पुढे मोटरसायकलवाल्यांनी ते उचललं. बटणांच्या फटींतून वारा घुसायचा म्हणून चेन आली, आणि वाकल्यावर ती पोटात रुतू नये म्हणून तिरकी झाली.

"हे सगळं बसलेल्या माणसासाठी आहे," ती शेवटी म्हणते. "उभं राहून मिरवायचं असेल तर कोट शिवून घ्या."

दादाचं माप तिने तसंच घेतलं, तो नोकरीसाठी परदेशी निघायच्या तोंडावर. जॅकेट तयार झालं तोवर तो गेला होता. टपालाने पाठवू या म्हटलं, तर आई म्हणायची, "घालून बघितल्याशिवाय मी माल देत नाही." मग ते वर्षानुवर्षं भिंतीवरच्या हुकाला टांगलेलं राहिलं. हिवाळ्याआधी आई त्याला मेण लावायची. त्याच्या बाह्या कोपरात वाकून पुढे आलेल्या, रिकाम्या असूनही कशावर तरी हात ठेवल्यासारख्या.

यंदा दादा आला, चार दिवसांच्या सुट्टीत. त्याने जॅकेट घातलं आणि मोबाइल समोर धरून स्वतःला बघितलं.

"आई, यात मी कुबडा दिसतोय."

"जॅकेटचा काय दोष त्यात?" मी म्हटलं.

"तू गप गं."

"गाडीवर बस," आई म्हणाली.

"अगं, मी आता मोटरसायकल चालवतच नाही. ट्रेनने जातो. तेही उभ्याने."

"बस तरी."

तो बसला, पुढे वाकला, हँडल धरलं. पाठीवरचा फुगा गेला. बाह्या मनगटाशी येऊन नेमक्या थांबल्या. आईने त्याची कॉलर सरळ केली; ती सरळच होती. मला वाटलं, आता हा लहानपणीसारखा तोंडाने इंजिनाचा आवाज काढणार. काढला नाही, पण लवकर उतरलाही नाही.

उतरल्यावर खांदे पुन्हा पुढे ओढले गेले.

"झकास झालंय," तो जॅकेट काढत म्हणाला. "पण राहू दे इथेच. तिकडे नुसतं कपाटात पडेल."

आई त्या बाह्यांकडे बघत राहिली. मग तिने जॅकेट त्याच्या हातातून घेतलं. "बाह्या थोड्या मागे फिरवून बसवते. मग उभ्याने घालता येईल."

"आई, भोकं राहतील," मी म्हटलं. कापडाची शिवण उसवली तर धागे सरकून भोकं बुजतात. चामड्यात सरकायला धागेच नसतात. सुई एकदा गेली की गेली. हे मला तिनेच शिकवलं होतं.

"राहू देत," ती म्हणाली, आणि खांद्याचा पहिला टाका तोडला.

निघायच्या दिवशी दादा ते घालूनच दारात उभा राहिला. हात सरळ खाली. उभ्या माणसाला शोभेल असं झालं होतं. खांद्यावर, नव्या शिवणीला लागून, जुन्या भोकांची बारीक रांग होती. आईने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"यातून पाणी शिरेल. दर हिवाळ्याआधी मेण लावायला लागेल. घेऊन येत जा."

"मेण तिकडेही मिळतं, आई."

"मिळत असेल," आई म्हणाली.

तो गेल्यावर मी दुकान झाडायला घेतलं. भिंतीवरचा रिकामा हुक येता-जाता डोक्याला लागायचा, म्हणून पक्कड घेऊन काढायला गेले.

"तो राहू दे," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "मेण लावल्यावर वाळायला कुठे टांगणार?"