राहुरीची फ्लॉपी, जामखेडची गाय

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. सावेडीतल्या शुभांगीताईंनी मला १९९८ साली लिहिलं आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये बसवलं. डॉक्टर लक्षणं भरत, मी उपाय सुचवत असे.

सुरुवातीला राहुरीचा चारा आणि त्यामुळे होणारे आजार ताईंनी माझ्या पोटातच लिहिले होते. पुढे गाडी इतर तालुक्यांत जाऊ लागली, तेव्हा त्यांनी ते बाहेर काढले आणि माझ्यात एक रिकामी जागा ठेवली. प्रत्येक तालुक्याची वेगळी फ्लॉपी, मांडणी मात्र सगळ्यांची एकच. जी द्याल ती मला चाले. फ्लॉपीच नसेल तर अंदाज ठोकायचा नाही, थांबायचं, असं त्यांनी मला बजावलं होतं.

एके दुपारी जामखेडजवळच्या वस्तीवर गोजरबाईंची गाय धापा टाकत कोसळली. तिचं वासरू अजून चरायलाही लागलं नव्हतं. डॉक्टर चेतननी घाईघाईनं लक्षणं भरली. मी पडद्यावर लिहिलं, ‘या भागाची माहिती जोडलेली नाही.’ जामखेडची फ्लॉपी सावेडीत टेबलावरच राहिली होती.

“ऐन टायमाला मान टाकली यानं,” ड्रायव्हर गोरक्ष चिडला. “राहुरीची हाय की डॉक्टर, तीच घाला.”

डॉक्टरांनी ती उचलली. माझा जीव टांगणीला लागला. ती माझ्यात अगदी नीट बसली असती. गाईनं लसूणघास, म्हणजे हिरवा ओला चारा, जास्त खाल्लाय, पोट फुगलंय, तेल पाजा, असं मी ठासून सांगितलं असतं आणि हातची वेळ गेली असती. मला ओरडताही येत नव्हतं.

त्यांचा हात मध्येच थांबला. “राहुरीत घास असतो. इथं हिनं काय खाल्लं, मावशी?”

“घास कुठला वो हितं? दावं तोडून रानात गेल्ती. पान्यावाचून खुरटल्याली ज्वारी खाल्ली.”

“खुरटलेल्या ज्वारीत विष तयार होतं. ही विषबाधा आहे. गोरक्ष, इंजेक्शनची पेटी आण, पळ.”

गाईचे पाय ताठ झाले होते. सुई टोचल्यावरही ती बराच वेळ तशीच पडून होती. गोजरबाई तिच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग गाईनं कान हलवला. संध्याकाळी ती उठून वासराला चाटू लागली.

परतताना गोरक्ष म्हणाला, “बंद पडलं म्हनून बरं झालं.” माझं कौतुक झालं ते एवढंच. आज तो लॅपटॉप माळ्यावर धूळ खातो आहे, आणि त्यात मी.

मित्रांनो, एखादं यंत्र गप्प बसलं तर त्याला थापट्या मारू नका. आपण त्याला काय द्यायला विसरलो, ते आधी पाहा. आणि हाताशी आहे म्हणून भलतंच काही त्याच्या तोंडात कोंबू नका. मी ते निमूट गिळलं असतं, आणि वासरू पोरकं झालं असतं.