वरच्या टाकीचा गाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. खिडकी नसलेल्या गार खोलीत सहा वर्षं तपकिरी बाटल्या सांभाळणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय! काम सरळ होतं. बाटलीत पाणी, कारखान्याचं रसायन आणि सांडपाणी केंद्रातल्या गाळाचे चार थेंब. गाळातल्या जंतूंनी अठ्ठावीस दिवसांत रसायन फस्त केलं, की ते नदीत टिकत नाही असा दाखला मिळे. जंतू किती जेवले ते झाकणावरचा आकडा सांगे.

मात्र जंतू हवेत घरगुती सांडपाण्यातले. कारखान्याचं पाणी पिऊन सरावलेले चालत नाहीत; नदीतल्या जंतूंना तो सराव कुठला?

यंदा कारखान्याच्या ताज्या रसायनाचा आकडा दुसऱ्याच दिवशी चढला. नवं रसायन दिसलं की जंतू चार-पाच दिवस रुसून बसतात. हे तर बसल्या बसल्या तुटून पडले. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम खूश झाल्या, बाटलीबाईला मात्र गाळाची शंका आली.

गाळ आणायचा तिचा नवरा. तो त्याच केंद्रात पंप चालवी. नियमाने नमुना तिनेच घ्यायचा. पण तिथल्या वासाने तिला मळमळे, आणि नवरा रोज तिथून घरी येतोच की! डबा तो भरी, ‘नमुना घेणाऱ्याची सही’ ती ठोकी.

संध्याकाळी तो बूट काढत असतानाच तिने त्याला गाठलं.

“अहो, गाळ कुठल्या टाकीतला आणलात?”

“खालच्या.”

“तिथे कारखान्याचं पाणी येतं ना?”

“येतं की. गाळ तो गाळ. त्यात काय सोनं असतं?”

तिचं डोकंच फिरलं. वर्षभर कारखाना हेच रसायन करून बघत होता आणि भांडी धुतलेलं पाणी तिकडे सोडत होता. “बरं, एकदा चुकलात. गाळ बिघडला म्हणून मॅडमना सांगते, पुन्हा लावते.”

नवऱ्याने बूट तसाच हातात धरला. “एकदा? अगं, मी नेहमी खालचाच आणतो. घरगुती पाण्याची टाकी वर, तिला अडतीस पायऱ्या आहेत. माझा गुडघा तुला माहीत नाही का?”

तिने बोटांवर मोजलं. याच कारखान्याची पाच रसायनं तिच्या सहीने पास झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. नाकाला रुमाल लावून अडतीस पायऱ्या चढली, डबा भरला, आधीच्या बाटल्या ओतून नव्या लावल्या. आकडा जागचा हलेना. शेजारच्या साखरेच्या बाटलीत तेच जंतू मजेत जेवत होते, म्हणजे जंतू मेले म्हणायचीही सोय नव्हती. रोज दार उघडताना तिला वाटे, आज तरी हलू दे, खोटं का होईना. मग त्याची लाज वाटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाटे.

एकोणतिसाव्या दिवशी मोठ्या मॅडमनी दोन कागद शेजारी ठेवले. “दोन वर्षांपूर्वी याच जातीचं रसायन, याचंच भावंड, तुम्ही पास केलंत. आता हे नापास? कारखानेवाले विचारताहेत, खरं कुठलं?”

गाळ बिघडला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण साखरेची बाटली आडवी आली. खरं सांगावं तर नवऱ्याची नोकरी जाणार, तिची तर जाणारच.

“हे खरं,” तिने नव्या कागदावर बोट ठेवलं.

“मग ते?”

“तेव्हा गाळ घ्यायला मी गेलेच नव्हते. एकदाही नाही.”

सांगून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की रडूच येईल असं झालं. मॅडम उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं.

“हे तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. त्या पाचही कागदांवर तुमच्या खाली माझी सही आहे.” नवा कागद त्यांनी शांतपणे मधोमध फाडला. “उद्या पुन्हा लावा. आणि गाळ तुमच्या मिस्टरांना आणायला सांगा, नेहमीसारखा.”