रिकाम्याने मागे व्हावं

गिरीज गावच्या वाड्यांमधली वाट एका गाडीपुरतीच. एका अंगाला कुंपण, दुसऱ्या अंगाला चर. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर रिकामीने मागे व्हायचं आणि भरलेलीने पुढे यायचं. चर्चमध्ये मिस्सेला जाणारा असो की देवळात, भरल्या गाडीला मागे ढकलणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. सालोमीच्या नवऱ्याला दुसरी कसली अक्कल नव्हती, पण एवढं एक तो मरेपर्यंत पाळून गेला.

तिचा धाकटा, बेसिल, टँकर चालवू लागला. वाड्यांतल्या विहिरी उपसायच्या आणि स्टेशनपलीकडच्या नव्या बिल्डिंगींना पाणी पोचवायचं. टँकरवाले कुणाला वाट देत नाहीत अशी गावात कुरकुर सुरू झाली, तेव्हा सालोमीने सगळ्यांची तोंडं बंद केली. "बाकीच्यांचं मला सांगू नका. माझ्या पोराने माझं दूध टाकीत ओतलेलं नाही."

एका सकाळी नरहरीची गाडी केळीच्या घडांनी भरून तिच्या फाटकाशी आली आणि थांबली. पलीकडून हॉर्न वाजत होता.

"थांबलास का?"

"टँकर येतोय, सालोमीबाय. जाऊ दे त्याला."

"रिकामा आहे तो, विहिरीवर निघालाय. खडखड ऐकू येत नाही? आणि आपला बेसिल आहे. होईल मागे."

"हल्ली कोण होतं?"

"माझ्या शब्दावर घाल गाडी."

नरहरीने घातली. सालोमी बैलांच्या पुढे चालली, जशी काही वरातच नेत होती. वाटेच्या मध्यावर टँकर बैलांच्या नाकाशी येऊन उभा राहिला.

"बेसिल, मागे घे. भरली गाडी आहे."

बेसिलने खिडकीतून डोकं काढलं. "आय, बाजूला हो. माझ्यामागे अजून दोन टँकर आहेत."

"मग त्यांनाही सांग."

"ते काय मला ओळखतात? मी मागे झालो की विहिरीवरचा माझा नंबर गेला. सगळीकडे असंच चालवतात, आय. अख्ख्या देशात. थांबला तो राहिला."

"देशाला मी जन्म दिला नाही. तुला दिलाय."

बेसिलने केळीच्या बागेकडे बघत हॉर्नवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. बैल बुजले. सालोमी हलली नाही. आईला माशीसारखं हाकलणारा पोर तिने आजवर दुसऱ्यांच्याच घरात पाहिला होता.

"राहू दे, बाय," नरहरी म्हणाला. त्याने बैल सोडले, कुंपणाला बांधले. भरली गाडी मागे ढकलणं म्हणजे घर सरकवणं. त्याने जूवर छाती टेकली. सालोमीही शेजारी येऊन ढकलू लागली. फाटकाशी, जिथे वाट जरा रुंद होते, तिथवर गाडी आली आणि मागचं अंग चरात गेलं. गाडी कलंडली, घड वाटेवर पसरले. उरलेल्या जागेतून बेसिलचा टँकर घडांवरून गेला. त्याच्यामागून ते दोन टँकरही.

संध्याकाळी बेसिल पाचूबंदरची सुरमई घेऊन आला. "केळ्यांचं मी नरहरीकाकाला भरून देईन," म्हणाला.

"ते दे. पण आधी जा आणि तोंडाने बोल."

"काय बोलू, आय? उद्याही मी तसाच जाणार."

खोटं बोलला असता तर सालोमीने त्याला झोडपून काढलं असतं. तिने सुरमई उचलली आणि चुलीकडे गेली.

त्या आठवड्यातच नरहरीची भरली गाडी पुन्हा फाटकाशी आली. पलीकडे हॉर्न वाजला. नरहरीने कासरा आवळला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने अजूनही विचारलं.

"घालू का, बाय?"

सालोमीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"थांब," ती म्हणाली.

टँकर गेला. त्याच्यामागे दुसरा आला. नरहरी थांबूनच होता.