मैनाची इस्त्री

मी इस्त्री बोलतेय. दारामागून बोलतेय, म्हणून आवाज जरा दबका येईल. अमरावतीच्या या सरकारी क्वार्टरचं दार वाऱ्यानं आपटतं, ते आपटू नये म्हणून मला इथं ठेवलंय. जाड पितळेची, झाकणाच्या कडीवर एवढासा कोंबडा मिरवणारी मी, आणि काम काय, तर दार अडवायचं! येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागतो. लागू द्या. आता मला त्याचं काही वाटत नाही.

माझं पहिलं आयुष्य बार्शीटाकळीच्या एका शिंप्याकडे गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लग्नसराईत कोट, एरवी धूळ. शिंपी वारला आणि मी अकोल्याच्या जुन्या बाजारात मोडक्या छत्र्यांशेजारी येऊन पडले. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात शेषरावांनी मला तिथून उचललं.

शेषराव नुकतेच कचेरीत कारकून म्हणून लागले होते. आदल्याच दसऱ्याला नवराबायको नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते. नोकरी नवी, धर्म नवा, जुनं ते सगळं मागे राहिलं असं त्यांना वाटत होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आपले दोन पांढरे पॉपलिनचे शर्ट चौकातल्या वरठ्याकडे दिले. आमच्याकडे परिटाला वरठी म्हणतात. दुसऱ्या दिवशी गाठोडं जसंच्या तसं परत. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"मी घेतो जी, बाबूसाहेब," वरठी म्हणाला, "पन बाकीचे गिऱ्हाईक सोडून जातीन. तुमाले तं समजतेच."

समजत होतं म्हणूनच शेषराव तिथून तडक बाजारात आले आणि मला घेऊन घरी गेले.

"हे काहून आनलं?" त्यांच्या बायकोनं, मैनानं, विचारलं. त्यांनी झालं ते सांगितलं. ती पदर खोचून म्हणाली, "तुमी कचेरीत असे जासान का त्या वरठ्यालेच लाज वाटली पायजे."

ही बाई तोवर कधी इस्त्रीच्या वाटेला गेलेली नव्हती. पहिल्या महिन्यात तिनं दोन अभ्रे जाळले आणि एकदा स्वतःचा अंगठा. पण शिकली! बाभळीचे कोळसे चुलीवर लाल करून माझ्या पोटात भरायचे, राख फुंकून काढायची, बोटाला थुंकी लावून माझा तळ चुर्र वाजतो का बघायचं. शर्ट आदल्या दिवशी पेजेत बुडवून, नीळ देऊन वाळवलेला. जमिनीवर वाकळ अंथरायची, वर जुनं धोतर. आधी कॉलर, तीही दोन्ही टोकांकडून मधे. मधून टोकाकडे गेलं की चुणी टोकावर जाऊन बसते. मग बाह्या, मग पाठ, आणि छाती सगळ्यात शेवटी, कारण जग छातीकडे बघतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. आम्ही दोघी मिळून शिकलो.

"मैना, तुह्या हातची कॉलर म्हंजे पुठ्ठा हाय पुठ्ठा!" शेषराव म्हणायचे. ती हसायची नाही, पण दुसऱ्या दिवशी कोळसे जरा जास्त फुलवायची.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती मला स्वतःसाठी तापवायची. नागपूरला दीक्षा घेताना नेसलेलं पांढरं पातळ होतं तिचं. त्याच्यावरून मला फिरवताना तिचा हात निराळाच चालायचा, सावकाश.

आता जे सांगते ते मला फार उशिरा कळलं. कचेरीत वामनराव नावाचे हेडक्लार्क होते, कपड्यांचे शौकीन. त्यांनी शेषरावांची कॉलर बघून विचारलं, "कुठल्या वरठ्याकडे देता हो?" शेषरावांना काय अडलं असेल ते मी ओळखते. वरठी घेत नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला. पण 'बायको करते', एवढे दोन शब्द तर होते ना तोंडात? तेही त्यांना हलके वाटले. ते म्हणाले, "घरी एक वरठीण येते."

झालं. वामनरावांचे शर्ट आमच्या घरी येऊ लागले. "सायबाच्या घरची मानसं गावाले गेली हायत," असं शेषरावांनी मैनाला सांगितलं. तिला ते खरं वाटलं. चांगल्या मनानं ती करत राहिली.

साठ साली एका रविवारी वामनराव स्वतःच दारात उभे. लेकीच्या साखरपुड्याचा शर्ट होता, म्हणून वरठिणीला समक्ष बजावायला आले होते. शेषराव खुर्चीवर पेपर वाचत बसलेले. मैना खाली वाकळीवर, हातात मी, बोटं कोळशानं काळी.

"हीच का तुमची वरठीण?" वामनरावांनी विचारलं.

मैनानं वर पाहिलं. तिनं वामनरावांकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. पेपर जरासा हलला.

"हो जी," शेषराव म्हणाले. "हीच ती."

वामनरावांनी उंबरठ्याबाहेरूनच शर्ट तिच्या मांडीवर टाकला. "कफ जपून कर गं. डाग पडला तर बघ."

मी पेटलेली होते. एकदा, नुसती एकदा तिनं मला त्या छातीवर विसरावं, असं मला फार वाटलं. पण तिनं तो शर्ट असा केला की तसा पुन्हा कधी झाला नाही. घडी घातली आणि दोन्ही हातांनी उंबरठ्यापर्यंत नेऊन दिली.

ते गेल्यावर तिनं माझ्या पोटातले कोळसे अंगणात ओतले, वर तांब्याभर पाणी टाकलं. त्या वाफेतून तिचा आवाज आला.

"वरठ्यानं तुमाले नाई म्हटलं, म्हनून मी हे हाती धरलं. आन तुमीच मले वरठीण केलं?"

शेषराव पुष्कळ बोलले. कचेरीत काय झालं, काय सांगावं लागलं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाला मी शिवले नाही. दसऱ्याचं पातळ तेवढं चालू राहिलं.

शेषरावांनी मग टेरिलीनचे शर्ट घेतले. धुतला, झटकला, घातला. इस्त्रीचं नाव नको. मला वाटलं, ठीक, सुटले.

सहासष्ट साली त्यांना बढती मिळाली, बदली अमरावतीला. इथं आलो आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत त्यांचं स्वागत होतं. पेटीत दबून शर्टाचा पार चोळामोळा झालेला. शेषराव तो हातात घेऊन मैनासमोर उभे राहिले.

"एवढा एक डाव करून दे न वं."

मैना भाकर थापत होती. थापता थापताच म्हणाली, "वरठीण आली नाई आज."

सहा वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य होतं. शेषरावांनी चुलीतले निखारे स्वतःच माझ्यात भरले, पॉपलिनला लागतो तसा लाल ताव दिला आणि टेरिलीनवर मला दाबून धरलं. कापड क्षणात वितळलं. छातीचा अख्खा तुकडा माझ्या तळाला चिकटला, घाण वास सुटला. शेषराव दुसराच चुरगळलेला जुना शर्ट घालून गेले. स्वागतात त्यांना कुणी काही विचारलं नसेल. विचारलं असतं तरी त्यांनी खरं सांगितलं असतं, असं मला वाटत नाही.

चूक त्यांची, आणि शिक्षा मात्र मला. मला नाही, आम्हा दोघींना. त्यानंतरच्या दसऱ्याला मैनानं पातळ काढलं, मला उलटं करून पाहिलं. चिंच लावली, राख लावली, विटेच्या चुऱ्यानं घासलं. तो तुकडा निघेना. यंदाही काल तिनं अंगठ्यानं तो डाग चाचपला, त्याच जळक्या अंगठ्यानं, आणि मला परत दाराशी ठेवलं. पातळ घडी घालून गादीखाली सारलं. रात्रभर त्यावर निजली, तेवढीच इस्त्री.

तुमच्या ओळखीचा कुणी तांबट असेल तर त्याला या दाराशी धाडा. माझा तळ खरवडून काढा म्हणावं, पितळ गेलं तरी चालेल. मला कुणाच्या शर्टाची हौस उरलेली नाही. त्यांचा शर्ट माझ्या अंगावरून सोडवा, म्हणजे मैनाचं पातळ करता येईल.