हलका हात

"सगळ्या केरमानशाहला तू सुया टोचतेस. मग मलाच का नाही?" बेहरंगने तेलकट औषधाची कुपी आईसमोर ठेवली आणि बाही वर सारून तो खुर्चीवर बसला.

इराणमधल्या त्या शहरात फरंगीस दवाखान्यात इंजेक्शनं देणारी नर्स होती. हात इतका हलका, की ती रजेवर असली तर म्हातारी माणसं तशीच परत जात. कुपीवर औषधाचं नाव नव्हतं, नुसतं बैलाचं चित्र. जिममधल्या कुणीतरी दंड फुगवायला म्हणून दिली होती. तिने नाही म्हटलं, मग विनवण्या केल्या. बेहरंग शांतपणे म्हणाला, "राहू दे. जिममध्ये घेतो. तिथे सगळ्यांना एकच सुई चालते."

ती घाबरली. गेल्याच हिवाळ्यात अशा एका पोराची सडलेली मांडी तिने धुतली होती. तिने नवी सुई फोडली, कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि पोटच्या पोराला टोचली. निदान सुई तरी स्वच्छ आहे, असं मनाला बजावत.

मग ते दर आठवड्याचंच झालं. त्याचे दंड भरले, शर्ट उसवू लागले. गल्लीतली पोरं त्याच्याकडे वळून बघत. फरंगीसला मात्र त्याच्या मानेवरची शीर तेवढी दिसायची. जेवायला बसला तरी ती थडथडत असायची. जिना चढून आला की तो दार धरून उभा राहायचा. दवाखान्यात फोन वाजला की हातातलं काम टाकून ती धावायची. नवरा ट्रक घेऊन बंदर अब्बासच्या वाटेवर. त्याला सांगायची छाती होईना. सुई तर तिचीच होती.

शेवटी तिने सासऱ्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. नुसरतआजोबा पंचाहत्तरीतही जोरखान्याच्या, म्हणजे जुन्या इराणी तालमीच्या, हौद्यात उतरून मुद्गल फिरवत. ते रागावले नाहीत. चहा ओतून घेत म्हणाले, "आमच्या उस्तादांनी मला वर्षभर पोरांच्या मुद्गलांवरच ठेवलं होतं. कुरकुरलो की म्हणायचे, दंड काय, लगेच भरतील. काळजाला वेळ लागतो, त्याच्यासाठी थांब." मग चहा संपवून म्हणाले, "शुक्रवारी पाठव त्याला."

हलके मुद्गल म्हटल्यावर बेहरंग हसला, पण आजोबांचा शब्द मोडवेना. बायकांना आत मज्जाव, म्हणून फरंगीस बाहेर पायरीवर बसली. आतून ढोल संथ वाजत होता. त्या ठेक्याने तिचाही श्वास जरा सैल झाला.

आणि ढोल मध्येच थांबला.

ठेंगण्या दारातून वाकून ती आत धावली. कुणी अडवलं नाही. बेहरंग हौद्याच्या कडेला टेकून बसला होता. ओठ करडे पडले होते. आजोबांनी स्वतःची शाल त्याच्या खांद्यांवर टाकली होती.

"आई, छातीत काहीतरी फडफडतंय," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

तिने मनगट धरलं. नाडी सापडायची, निसटायची, पुन्हा सापडायची.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय सुजलंय. काय घेत होता, कोण देत होतं, असं त्यांनी विचारलं. बेहरंग काही बोलायच्या आत फरंगीस म्हणाली, "मी." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

बेहरंग वाचला. गोळ्या कायमच्या लागल्या. जड उचलायचं नाही, दम कोंडून जोर लावायचा नाही. वर्षभरात अंगावरचं मांस उतरलं. सैल शर्टात तो बापाचे कपडे घातल्यासारखा दिसू लागला. पुढच्या वसंतात त्याला हलके मुद्गल फिरवायची मुभा मिळाली. हौद्यात तो सगळ्यांत खालच्या जागी, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी उभा राहायचा.

एकदा जेवताना त्याने लोणच्याची नवी बरणी उचलली. झाकणावर बोटं आवळली, आणि थांबला. मग बरणी आईकडे सरकवली.

तिला ती एका हिसक्यात उघडता आली असती. फरंगीसने ती पोटाशी धरली, ओढणीने झाकण पुसलं, पुन्हा पकडलं.

"फारच घट्ट बसलंय मेलं," ती म्हणाली, आणि उघडायला पुष्कळ वेळ लावला.